बठ्ठासले सांगजो

जबाब, तारीख १४ जून १९४८, वार सोमवार, सकाळी अकरा वाजता, धुळे मुक्कामी.

माझे नाव लीलाधर दामोदर बागुल, वय वर्षे ४६, धंदा मराठी शाळेची मास्तरकी, शिवाय गावच्या टपालाचे काम, राहणार मौजे धामणखडे, पिंपळनेरपासून सहा मैल, तालुका साक्री, जिल्हा पश्चिम खानदेश. समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

सदर गावी मी चोवीस वर्षे शाळा चालवीत आहे. शाळा व टपाल एकाच खोलीत आहे. मंगळवारी व शनिवारी पिंपळनेरहून थैली येते. गावात वाचता येणारी माणसे थोडी, आणि जी आहेत ती मीच तयार केलेली आहेत. त्यामुळे ज्याचे पत्र येते तो तिथेच जमिनीवर बसतो व मी वाचून दाखवतो. हे काम माझ्या नोकरीत मोडत नाही. तरीही मी ते करतो, आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

आरोपी कॅप्टन सुकदेव झिपरू भदाणे, वय अंदाजे २८, यांना मी ओळखतो. ते माझे विद्यार्थी. बाप लहानपणीच गेला. आई धुरपदाबाई हिने लोकांच्या शेतात निंदणी करून त्यांना वाढवले. मुलगा हुशार होता, हे मी नाकारत नाही. दोष एकच होता. 'आहे' म्हणायच्या जागी 'शे' म्हणायचा. गावची मुले सगळीच तसे बोलतात, पण बाकीच्यांनी छडी बसल्यावर सोडले. ह्याने सोडले नाही. मी त्याला पाटीवर शंभर वेळा 'आहे' लिहायला लावत असे. तो शंभर वेळा नीट लिही, पाटी माझ्यापुढे ठेवी आणि म्हणे, "मास्तर, लिखेल शे." त्यावर पुन्हा छडी होई. त्याच्या भल्यासाठीच होई.

पुढे तो धुळ्यास व पुण्यास शिकला, आणि लढाईच्या दिवसांत लष्करात अधिकारी झाला. सन १९४६ च्या मे महिन्यात सुटीवर गावी आला. अंगावर पोशाख, खांद्यावर तीन चांदण्या, आणि तरी चावडीपुढे धुळीत मांडी घालून सगळ्यांत बसला. मी तिथे गेलो तेव्हा उठून पाया पडला. ते रीतसर झाले. नंतर सगळ्या गावादेखत मला म्हणाला, "मास्तर, आते तरी शे म्हनू का?" लोक पोट धरून हसले. वना नावाचा शेतकरी, ज्याचा मुलगा कौतिक हा आरोपीच्याच पलटणीत शिपाई होता, तो तर डोळे पुसू लागला. मीही हसलो. ह्या गोष्टीचा गुन्ह्याशी संबंध नाही. ओळख विचारली म्हणून सांगितली.

आरोपी आईला महिन्या-दोन महिन्यांनी पत्र लिहीत. पत्र अहिराणीत असे. लष्कराच्या कॅप्टनने गावंढळ बोलीत लिहावे ह्याचे मला नवल वाटे, व वाचताना जीभ जड होई. पाकिटावर लष्कराच्या तपासणीचा शिक्का असे व त्याखाली आरोपीचीच सही असे, कारण अधिकाऱ्याची पत्रे त्याच्या शब्दावर सोडतात असे समजते. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे : "बठ्ठासले सांगजो." त्याखाली, "तुना सुकदेव."

वाचन संपले की धुरपदाबाई पदर सावरून उठत आणि घरोघर फिरत. पार गावाबाहेरच्या भिलाटीपर्यंत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीपर्यंत, जात. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणत, "मास्तर, सुकदेवनी तुमलेबी रामराम सांगेल शे." पत्र मीच वाचलेले असे, तरी म्हणत. मी मान हलवीत असे. इतर घरी काय सांगत ते ऐकायला मी गेलेलो नाही.

तारीख २४ फेब्रुवारी १९४८, मंगळवार, दुपारी दोनच्या सुमारास आरोपीचे लढाईच्या आघाडीवरून पत्र आले. ते मी धुरपदाबाईंस वाचून दाखवले. तेच पत्र आज मला दाखवण्यात आले. ते मी ओळखले. त्यातील मजकूर असा : "माय, आठे भलतं हिव शे. गरम कपडास्न्या पेट्या उन्यात. फोड्यात तं त्यासमा मच्छरदान्या निंघन्यात. पोरेस्नी त्या पायले गुंडाई लिध्यात. कौतिकना पाय काया पडनात. परवदिन तो मना हातवर गया. वनाआबाले आते काही सांगू नको, मी सुटीवर उनू का सोता सांगसू. बठ्ठासले सांगजो. तुना सुकदेव."

जबाब घेणारे पोलीस साहेब साताऱ्याकडचे असल्याने मी त्याचे शुद्ध मराठी करून दिले ते असे : आई, इथे फार थंडी आहे. गरम कपड्यांच्या पेट्या आल्या. फोडल्या तर आत मच्छरदाण्या निघाल्या. मुलांनी त्या पायांना गुंडाळून घेतल्या. कौतिकचे पाय काळे पडले. परवा तो माझ्या हातांवर गेला. वनाआबांना इतक्यात काही सांगू नकोस, मी सुटीवर आलो की स्वतः सांगेन. शेवटच्या ओळीबाबत पुढे सांगतो.

धुरपदाबाई त्या दिवशी पुष्कळ वेळ उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मास्तर, आखो एकदाव वाचा." मी पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "मना सुकदेवना पाय कसा शेतस? लिखेल नही का?" लिहिलेले नव्हते. तसे मी सांगितले. चार दिवसांनी त्यांनी घरची नवी गोधडी शिवून आणली व मुलाला पाठवा म्हणाल्या. ती पार्सलच्या वजनात जास्त भरली. गोधडी अजून टपालाच्या खोलीत आहे. मी दुपारी तिच्यावर टेकतो.

बाईंचे घर गळके असल्याने त्यांची पत्रे जपून ठेवण्यासाठी माझ्याकडेच असत. जळगावहून निघणाऱ्या साप्ताहिक 'खानदेश डंका' ह्या वर्तमानपत्राचा मी साक्री तालुक्याचा बातमीदार आहे. संपादक रतिलाल हे माझी भाषा शुद्ध असते असे नेहमी लिहितात. आरोपीच्या सदर पत्रातील हकीकत लोकांना कळणे योग्य आहे असे मला वाटले. मी बातमी तयार केली, व पुरावा म्हणून मूळ पत्र सोबत जोडून रतिलाल यांस पाठवले. बातमी तारीख १२ मार्चच्या अंकात पहिल्या पानावर आली. मथळा 'शिपायांच्या पायांना मच्छरदाण्या' असा होता. तो माझा आहे. खाली 'आमच्या साक्रीच्या बातमीदाराकडून' असे छापले होते. अंक मी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवला.

पत्रात वनाआबाला सांगू नये असे होते, ते मी कसोशीने पाळले. बातमीत कौतिकचे नाव घातले नाही. 'साक्री तालुक्यातील एका शिपायाचे पाय काळे पडून तो कॅप्टनच्या हातांवर वारला' एवढेच घातले. वना त्या दिवशी चावडीवर बसलेला होता. त्याला सरकारी तार अगोदर आलेली होती, तीही मीच वाचली होती, तीत आजाराने वारला असे होते. अंक ऐकून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि विचारले, "मास्तर, कौतिकना पाय व्हतात ना?" मी म्हणालो, अंकात जे आहे ते आहे. त्यानंतर वना चावडीवर आलेला नाही. त्याची बायको सांगते की तो रात्री पाय चोळत बसतो. हे ऐकीव आहे.

पुढे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली. कॅप्टन भदाणे यांनी लष्करातील गुप्त हकीकत वर्तमानपत्रांस पुरवली असा आरोप त्यांच्यावर आला. रतिलाल यांच्या छापखान्याची झडती होऊन मूळ पत्र सापडले. आरोपी एप्रिलपासून अटकेत असल्याचे मला पोलिसांकडून समजले.

साहेबांनी मला समजावून सांगितले की, लष्कराच्या चौकशीत सगळे प्रकरण शेवटच्या एका ओळीवर येऊन थांबले आहे. मुलाने आईला लिहिलेले घरगुती पत्र ठरले तर आरोपीला समज देऊन सोडतील. ते चारचौघांत जावे म्हणून लिहिलेले ठरले तर पलटणीतून काढून तुरुंगात घालतील. तसेच, घरगुती पत्र ठरल्यास ते दुसऱ्याच कोणी बाहेर फोडले असे होईल, व त्या माणसाचे कागद टपालखात्याकडे आणि शाळाखात्याकडे जातील, हेही साहेबांनी सांगितले. दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन मी पुढील जबाब देत आहे.

'बठ्ठासले सांगजो' ह्या ओळीचा अर्थ विचारला असता सांगतो की, बठ्ठा म्हणजे सर्व. बठ्ठासले म्हणजे सर्वांना. सांगजो म्हणजे सांग. मिळून 'सर्वांना सांग' असा अर्थ होतो. लष्कराच्या भाषांतरकारानेही तोच अर्थ केलेला आहे, व तो बरोबर आहे. पत्रातच तशी आज्ञा असल्याने मी ती पाळली. मी फोडाफोड केलेली नाही.

ह्या ठिकाणी जबाब लिहून घेणारे हवालदार भाईदास यांनी लेखणी थांबवली. ते शिरपूरकडचे आहेत. ते साहेबांना म्हणाले, "साहेब, आमच्याकडे कागदाच्या, म्हणजे पत्राच्या, शेवटी असं लिहायची रीत शे. रामराम सांगा असं म्हणायचं असतं. रामराम कोणी लिहीत नही, सगळ्यांना ठाऊक शे." साहेबांनी त्यांना विचारले की तुम्ही किती शिकलात. त्यांनी तिसरी पास असे सांगितले. साहेब म्हणाले की लष्कराने शिकलेल्या व जबाबदार माणसाचा दाखला मागितला आहे, तरी मास्तरांना विचारू. नंतर मला विचारले की, ही ओळ रामराम सांगण्यासाठी लिहितात हे खरे काय.

त्यावर माझे म्हणणे असे की, पत्रात रामराम हा शब्द नाही. जो शब्द लिहिलेला नाही त्याचा अर्थ सांगणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम नव्हे. मी जन्मभर मुलांना हेच शिकवले की मनात असेल ते पूर्ण वाक्यात लिहावे. आरोपीलाही शिकवले होते. त्याने ऐकले असते तर आज ही वेळ आली नसती.

साहेबांनी पुन्हा विचारले की, वनाला सांगू नको म्हणणारा माणूस लगेच पुढच्या ओळीत सर्वांना सांग असे कसे म्हणेल. त्यावर सांगतो की, एकाला वगळले ह्याचाच अर्थ बाकीच्यांना सांगण्यास हरकत नव्हती.

साहेबांनी पत्राची शेवटची ओळ पुन्हा पाहिली. मग भाईदास यांना लिहा म्हणाले. भाईदास यांनी लिहिले.

धुरपदाबाई यांचा जबाब आज सकाळी नऊ वाजता झाला, त्याबद्दल विचारल्यावरून सांगतो. बाई व मी काल पिंपळनेरहून एकाच मोटारीने आलो. वाटेत त्यांनी मला भाकरी व ठेचा दिला, तो मी खाल्ला. मुलगा अटकेत आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाचता येत नाही, आणि मला कोणी तसे सांगायला सांगितलेले नव्हते. सरकारला सुकदेवची माहिती हवी आहे एवढेच मी म्हणालो. त्यांनी त्यावरून त्याला बढती मिळणार असा समज करून घेतला, व मोटारीतल्या लोकांना तसे सांगत होत्या. मी समज करून दिलेला नाही.

साहेबांना बाईंचे बोलणे कळेना. भाईदास त्या वेळी कचेरीत आलेले नव्हते. म्हणून दुभाषा म्हणून मला बसवले. साहेबांनी विचारले, तुमच्या मुलाने पत्रात सर्वांना सांग असे लिहिले होते काय. मी बाईंना विचारले, "सुकदेवनी कागदमा बठ्ठासले सांगजो लिखेल व्हतं का?" बाईंचा चेहरा एकदम फुलला. त्या म्हणाल्या, "हो ना! दर कागदमा लिखस. एवढा मोठा साहेब व्हयना, पन मना आंडोर गावमा कोन्हालेच इसरना नही."

मी भाषांतर केले ते असे : "होय. प्रत्येक पत्रात लिहितो." पुढचे वाक्य, म्हणजे एवढा मोठा साहेब झाला पण माझा मुलगा गावात कोणालाच विसरला नाही, हे प्रश्नाला धरून नसल्याने मी सांगितले नाही. जेवढे विचारले तेवढेच सांगावे असे साहेबांनीच सुरुवातीला बजावले होते.

साहेबांनी पुढे विचारले, त्याप्रमाणे तुम्ही सर्वांना सांगत होता काय. मी तसे विचारले. बाई म्हणाल्या, "सांगस ना! येक घर सोडत नही. ज्या घरमा भांडन शे तठेबी जास, कारन त्यानं सांगेल शे." मी भाषांतर केले : "होय. एकही घर सोडत नाही." त्यावर बाईंचा अंगठा घेण्यात आला. अंगठ्याला शाई लागली तशी त्यांनी ती लुगड्याला न पुसता हात वर धरून ठेवला. बाहेर जाताना मला विचारले, "मास्तर, साहेब काय म्हनतस?"

मी सांगितले, "साहेबांनी रामराम सांगितला आहे."

बाई वळल्या व त्यांनी साहेबांना दोन्ही हात जोडून रामराम केला. साहेबांनीही केला. त्या आता बाहेर ओट्यावर बसलेल्या आहेत. गावी गेल्यावर घरोघर साहेबांचा रामराम पोचवीन असे त्यांनी मला मघाशी सांगितले.

माझा आरोपीशी वैरभाव नाही. तो माझ्या हातून शिकला ह्याचा मला अभिमान आहे, तसा मी वेळोवेळी बोलून दाखवला आहे. ह्याहून जास्त काही सांगावयाचे नाही.

हा जबाब हवालदार भाईदास यांनी मला वाचून दाखवला, व मीही माझ्या डोळ्यांनी वाचून पाहिला. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. शेवटी भाईदास यांनी 'जबाब सांगितल्याप्रमाणे बरोबर शे' असे लिहिले होते. त्यातला 'शे' खोडून मी त्या जागी 'आहे' केले आणि बाजूला सही केली. जबाब सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) लीलाधर दामोदर बागुल